पी २५ : एका पांढऱ्या भुकटीचं रसग्रहण

आलेखाची आडवी रेघ अंशांची, उभी तीव्रतेची. डावीकडून वाचत निघालं की बराच वेळ काहीच घडत नाही. तळाशी नुसती बारीक थरथर. मग २५.३ अंशांवर एक शिखर सरळ उठतं, उंच आणि जरा रुंद खांद्यांचं. ते उतरून रेघ तळाला टेकते न टेकते तोच २७.४ अंशांवर दुसरं शिखर उभं राहतं, पहिल्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं. पुढे ३८, ४८, ५४, ५५ अंशांच्या आसपास लहानमोठे उंचवटे येतात, पण जाणकाराची नजर पुन्हा पुन्हा त्या पहिल्या दोघांकडे परतते. पी २५ या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीचा हा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख. इतक्या वेळा छापला गेलेला आणि तरीही इतका वरवर वाचला गेलेला दुसरा आलेख या क्षेत्रात मला माहीत नाही.

पी २५ ही मूळची जर्मनीच्या डेगुसा कंपनीची, आता एव्हॉनिकची. प्रकाशाच्या मदतीने पाण्यातले रंग, कीटकनाशकं, जंतू नष्ट करणारा नवा पदार्थ कुणीही बनवला, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : पी २५ पेक्षा चांगला आहे का? म्हणजे ही भुकटी एकाच वेळी कलाकृतीही आहे आणि कसोटीचा दगडही. तिच्या यशाचं श्रेय बहुतेक वेळा एकाच वाक्यात दिलं जातं : तिच्यात दोन स्फटिक-प्रावस्था आहेत, अ‍ॅनाटेज आणि रुटाइल, अंदाजे ८० : २० या प्रमाणात. वाक्य खोटं नाही, पण त्यात कृतीचं मर्म सांगितलं जात नाही. ते मर्म प्रमाणात नाही, दोन प्रावस्था जिथे एकमेकींना भिडतात त्या सांध्यात आहे, असं माझं मत आहे आणि ते आलेखाच्या आधारानेच मांडायचं आहे.

हे सोलापुरात बसून लिहिण्याला कारण आहे. १८७७ साली इथे जुनी मिल उभी राहिली. विणकर त्याच्याही आधीपासून होते. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्हींचा जीव सुताच्या रंगात आहे. सूत रंगवून झालं की उरलेलं पाणी रंगीतच बाहेर पडतं. नळाला उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात असं पाणी नुसतं वाहून जाणं मनाला लागतं. ऊन मात्र इथे कधी आडवं येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या खाली राहिला तर लोक त्याची चर्चा करतात. रंगीत पाणी आणि फुकटचं ऊन ज्या गावात एकत्र नांदतात, तिथल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला टायटॅनियम डायऑक्साइडचा मोह पडला तर त्यात नवल काय?

आता भुकटी काम कसं करते ते पाहू. तिच्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण पडला की संयुजा पट्ट्यातला एक इलेक्ट्रॉन उडून वहन पट्ट्यात जातो आणि मागे धनभारित पोकळी उरते. इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोचला तर तिथल्या ऑक्सिजनशी जुळून सुपरऑक्साइड घडवतो. पोकळी पोचली तर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक भलताच आक्रमक असतो. रंगाच्या रेणूतले बंध तो एकेक करून तोडत जातो आणि सगळं नीट पार पडलं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार एवढंच उरतं. सगळं नाट्य ‘पोचला तर’ या दोन शब्दांत आहे. बहुतेक जोड्या वाटेतच पुन्हा एकमेकांत विरतात आणि शोषलेला प्रकाश उष्णता होऊन वाया जातो. मीलन म्हणजे इथे हानी; विरह जितका लांबेल तितकं काम अधिक. आपल्या काव्यशास्त्राने विप्रलंभाला शृंगारात मानाचं स्थान दिलं आहे. या भुकटीच्या बाबतीतही रसाचा उगम तिथेच शोधावा लागतो.

पहिलं शिखर अ‍ॅनाटेजचं, दुसरं रुटाइलचं, आणि तरी दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच आहे, ही या आलेखातली पहिली दाद द्यावी अशी जागा. एक टायटॅनियम, दोन ऑक्सिजन. त्यात तसूभर फरक नाही. दोन्हींमध्ये टायटॅनियमचा अणू सहा ऑक्सिजन अणूंच्या मधोमध बसतो आणि एक अष्टफलक तयार होतो. फरक आहे तो हे अष्टफलक शेजाऱ्याशी कसे जोडले आहेत त्यात. रुटाइलमध्ये प्रत्येक अष्टफलक आपल्या दोन कडा शेजाऱ्यांशी वाटून घेतो, तर अ‍ॅनाटेजमध्ये चार. रुटाइलची बांधणी घट्ट, घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.२ ग्रॅम, अ‍ॅनाटेजची जरा सैल, सुमारे ३.९. एवढ्याशा बदलाने प्रकाशाशी असलेलं नातंच पालटतं. संयुजा आणि वहन पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, ज्याला आपण बँड गॅप म्हणतो, ते अ‍ॅनाटेजमध्ये ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि रुटाइलमध्ये ३.०. तरंगलांबीत सांगायचं तर अ‍ॅनाटेजला साधारण ३८७ नॅनोमीटरपर्यंतचाच, म्हणजे अतिनील प्रकाश चालतो. रुटाइल ४१३ नॅनोमीटरपर्यंत जातो, दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या काठावर पाय ठेवतो. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो, हे लक्षात घेतलं तर या २६ नॅनोमीटरच्या पट्टीचं मोल कळतं.

मग रुटाइलच का वापरू नये? इथे जुना समज असा की रुटाइल आळशी आणि अ‍ॅनाटेज कर्तबगार. बऱ्याच अंशी तो बरोबर आहे. अ‍ॅनाटेजमध्ये उडालेला इलेक्ट्रॉन अधिक काळ टिकतो. रुटाइलमध्ये प्रकाश चांगला शोषला जातो, पण जोड्या लवकर विरतात, शिवाय रुटाइल बहुधा मोठ्या कणांच्या रूपात मिळतं, त्यामुळे पृष्ठभाग कमी. तरी त्याला टाकाऊ ठरवू नये. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांचा १९७२ सालचा ‘नेचर’मधला निबंध, ज्याच्यामुळे हे सगळं क्षेत्र जगासमोर आलं, तो रुटाइलच्याच स्फटिकावर केलेल्या प्रयोगाचा होता. प्रकाश टाकून पाण्याचं विघटन घडवणारं ते विद्युतअग्र रुटाइलचं होतं.

रंगकामाच्या धंद्यात हेच दोन भाऊ उलट्या मानाने वागवले जातात. घराच्या बाहेरच्या भिंतीला लावलेल्या रंगावरून काही उन्हाळ्यांनंतर बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागते. उन्हात टायटॅनियम डायऑक्साइड रंगातल्या चिकट द्रव्यालाच खाऊ लागतं, त्याची ती पूड. म्हणून बाहेरच्या रंगात अ‍ॅनाटेज टाळतात, रुटाइल वापरतात आणि त्याच्याही कणांवर अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकाचं कवच चढवतात. रंगारी ज्या गुणाला घाबरतो, तोच गुण डाइंगचं पाणी साफ करू पाहणाऱ्याला हवा असतो.

पुन्हा आलेखाकडे येऊ. दोन शिखरांच्या उंचीवरून प्रमाण कसं काढायचं, याचं सूत्र स्पर आणि मायर्स यांनी १९५७ साली दिलं. रुटाइलच्या शिखराच्या तीव्रतेला अ‍ॅनाटेजच्या शिखराने भागायचं, १.२६ ने गुणायचं, त्यात १ मिळवायचा आणि त्या बेरजेने १ ला भागायचं. आला अ‍ॅनाटेजचा वाटा. आपल्या आलेखात दुसरं शिखर पहिल्याच्या पाचव्या हिश्शाचं आहे. हिशोब केला की ०.८० येतो. तीच ती ८० : २० ची जगप्रसिद्ध जोडी. सूत्र सुबक आहे, आणि त्यामुळेच पुष्कळ वाचक इथे थांबतात. आलेख काय सांगतो ते त्यांनी वाचलेलं असतं. आलेख काय बोलत नाही, ते राहून जातं.

आलेख तीन गोष्टी बोलत नाही. एक म्हणजे स्फटिक न झालेला, अस्ताव्यस्त राहिलेला भाग. त्याला शिखर नसतं, तो तळाच्या थरथरीत मिसळून जातो आणि वरचं सूत्र त्याला शून्य धरतं. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाचे बुन्शो ओहतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली पी २५ ची बारकाईने फोड केली, तेव्हा अ‍ॅनाटेज ७८, रुटाइल १४ आणि अस्फटिक भाग ८ टक्के निघाला. एवढंच नव्हे, एकाच पिशवीतल्या वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या नमुन्यांतही प्रमाण सारखं नव्हतं. ज्या मापाने सगळं जग मोजतं त्या मापातच इतका हलतेपणा आहे, हे वाचून मी बराच वेळ थबकलो होतो.

दुसरी गोष्ट ब्रुकाइटची. टायटॅनियम डायऑक्साइडचं हे तिसरं भावंड. त्याचं मुख्य शिखर अ‍ॅनाटेजच्या २५.३ अंशांच्या शिखरालाच इतकं खेटून असतं की अ‍ॅनाटेजच्या खांद्याआड ते सहज दडतं. त्याला पकडायची खूण आहे ३०.८ अंशांवर, तिथे अ‍ॅनाटेज आणि रुटाइल दोघंही गप्प असतात. पी २५ मध्ये ही जागा सपाट आहे. पण प्रयोगशाळेत आम्लाच्या साहाय्याने, सोल-जेल पद्धतीने, कमी तापमानाला बनवलेल्या भुकट्यांत तिथे बऱ्याचदा छोटासा उंचवटा दिसतो. तो न पाहता ‘शुद्ध अ‍ॅनाटेज’ म्हणून छापलेले आलेख मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची : आलेख दोन प्रावस्था आहेत एवढंच सांगतो, त्या एकमेकींना कुठे आणि कशा चिकटल्या आहेत ते सांगत नाही. अ‍ॅनाटेज आणि रुटाइल वेगवेगळ्या बाटल्यांतून काढून खलात नुसते एकत्र केले, तरी २५.३ आणि २७.४ वर हीच दोन शिखरं याच उंचीची उभी राहतील. उभं आणि आडवं सूत एका पेटीत शेजारी ठेवलं म्हणून चादर होत नाही. धागा धाग्याखालून जावा लागतो. आलेख सुताचं वजन देतो, वीण दाखवत नाही.

वीण कशी पडली हे कळायला भुकटीचा जन्म पाहावा लागतो. पी २५ ज्वालेत जन्मते. टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्वालेत सोडतात. ज्वालेतच पाणी तयार होतं, ते क्लोराइडशी भिडतं, हायड्रोक्लोरिक आम्ल वायुरूपाने निघून जातं आणि ऑक्साइडचे कण गोठतात. सारं क्षणार्धात. कण सरासरी २१ नॅनोमीटरचे, एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर. उष्णता प्रचंड, पण तिचा सहवास निमिषभराचा, म्हणून रुटाइलकडे निघालेला प्रवास मध्येच थांबतो आणि मोठे होण्याआधीच कण थंड होतात.

याची तुलना आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत होणाऱ्या भट्टीच्या कामाशी करून पाहा. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड घ्या, पाण्याने हळूहळू फोडा, जेल वाळवा, भट्टीत घाला. ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला अ‍ॅनाटेज मिळतं. ६०० च्या पुढे रुटाइल डोकावू लागतं, ८०० च्या आसपास बहुतेक सगळं रुटाइल. नेमकं तापमान कणांच्या आकारावर आणि मिसळलेल्या अशुद्धींवर हलतं : लोह हा बदल लवकर घडवतं, सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम तो रोखून धरतात. झांग आणि बॅनफिल्ड यांनी दाखवलं की सुमारे १४ नॅनोमीटरच्या खाली तर अ‍ॅनाटेजच अधिक स्थिर असतं. कण वाढले की पारडं रुटाइलकडे झुकतं. भट्टीतून नेमकं ८० : २० आणणं अवघड नाही. पण त्या तासाभराच्या उष्णतेत कण एकमेकांना वितळून चिकटतात, पृष्ठभाग आक्रसतो, आणि हातात आलेल्या भुकटीचं प्रमाण पी २५ चं असलं तरी चाल तिची नसते. प्रमाणाचीच नक्कल करणाऱ्यांच्या पदरी निराशा येते ती इथे.

दोन प्रावस्था जिथे भिडतात तिथे काय घडतं, याबद्दल जाणकारांत जुना वाद आहे, आणि या कृतीचा सगळ्यांत रंगतदार भाग मला हाच वाटतो. पहिलं वाचन सरळ होतं. रुटाइलचा बँड गॅप ०.२ ने कमी. तर त्याचा वहन पट्टा तेवढाच खाली असणार, आणि इलेक्ट्रॉन उतारावरून जावा तसा अ‍ॅनाटेजमधून रुटाइलमध्ये जाणार. पोकळी मागे अ‍ॅनाटेजमध्येच, म्हणजे विरह साधला. जपानमध्ये कावाहारा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दोन्ही प्रावस्थांचे शेजारी-शेजारी थर असलेला पृष्ठभाग मुद्दाम बनवून या वाचनाला बळ दिलं.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेत हुरम, ग्रे, राजह, थर्नौअर आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलट वाचन मांडलं. त्यांनी पी २५ अतिशय थंड केली, तिच्यावर फक्त दृश्य प्रकाश टाकला आणि इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स या तंत्राने अडकलेले इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते शोधलं. दृश्य प्रकाश अ‍ॅनाटेजला उठवूच शकत नाही. उठलं असेल तर रुटाइल. पण इलेक्ट्रॉन सापडले अ‍ॅनाटेजच्या सापळ्यांत. म्हणजे प्रकाश एकाने झेलला आणि ठेव दुसऱ्याकडे गेली. ज्याला सगळे आळशी म्हणत होते तो रुटाइल इथे अँटेना ठरतो, जांभळ्या काठावरचा प्रकाश पकडून अ‍ॅनाटेजच्या हाती देणारा. त्यांच्या मते रुटाइलचे कण बारीक आहेत म्हणूनच हे हस्तांतर वेळेत होतं, आणि कामाच्या खऱ्या जागा दोघांच्या सीमेवर असतात. एका निरीक्षणाने इतक्या काळाच्या समजाची दिशाच फिरवली. या शोधनिबंधाला मी मनापासून दाद देतो, कारण त्यात प्रश्नच असा विचारला आहे की उत्तराला पळवाट उरत नाही.

२०१३ साली स्कॅनलन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर मटेरियल्स’मध्ये गणित आणि मापन दोन्हींच्या आधारे सांगितलं की रुटाइलचा वहन पट्टा अ‍ॅनाटेजच्या वरच असतो. इलेक्ट्रॉन अ‍ॅनाटेजकडे आणि पोकळ्या रुटाइलकडे, हाच नैसर्गिक उतार. वाद इथे मिटायला हवा होता. पण प्रत्यक्ष सांध्यावर पृष्ठभागाची कुठली बाजू उघडी आहे, सापळे किती खोल आहेत, भोवती पाणी आहे की हवा, या सगळ्यांनी चित्र बदलतं. म्हणून दोन्ही दिशांची निरीक्षणं छापली जात राहिली. मला दुसरं वाचन अधिक पटतं, कारण त्यात जांभळ्या प्रकाशातही पी २५ का जागी असते याचा उलगडा होतो. पहिल्यात होत नाही.

याच ठिकाणी ओहतानींचा आक्षेप प्रामाणिकपणे समोर ठेवायला हवा. त्यांनी पी २५ मधून अ‍ॅनाटेज आणि रुटाइल वेगळे काढले, त्यांची कामगिरी स्वतंत्रपणे मोजली आणि मूळ भुकटीशी ताडून पाहिली. एकत्र असण्याने काही विशेष घडतं याला त्यांना फारसा आधार मिळाला नाही. त्याआधी २००१ मध्ये ओहनो आणि सहकाऱ्यांनीही हायड्रोफ्लोरिक आम्लाने अ‍ॅनाटेज विरघळवून रुटाइल सुटं केलं होतं आणि दोन्ही प्रावस्था पुष्कळशा वेगवेगळ्या घोळक्यांत राहतात असं दाखवलं होतं. मग सांध्याचा महिमा खोटा? मला तसं वाटत नाही. या आक्षेपाने माझं मत मोडत नाही, उलट त्याला टोक येतं. दोन प्रावस्था भुकटीत असणं आणि त्या भिडलेल्या असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच ओहतानींच्या मोजमापातून निघतं. पी २५ मधले सगळेच कण भिडलेले नाहीत. जे भिडलेले आहेत त्यांचं काम वेगळं उठून दिसतं ते काही विशिष्ट अभिक्रियांत आणि विशिष्ट प्रकाशात. बाकीचं यश बारीक कणांचं, चांगल्या स्फटिकतेचं आणि ५० चौरस मीटरांचं आहे. सगळं श्रेय ८० : २० ला देणं हे भाबडं वाचन आहे.

आता ही कृती डाइंगच्या पाण्यात उतरवून पाहू, कारण सोलापूरच्या वाचकाला शेवटी तेच महत्त्वाचं. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा मिथिलीन ब्ल्यू घेतात. निळा रंग डोळ्यांदेखत फिका होतो, आलेख देखणा येतो. पण मिथिलीन ब्ल्यू नुसता एक-दोन इलेक्ट्रॉन घेऊनही रंगहीन होतो आणि हवा लागली की पुन्हा निळा पडतो. शिवाय तो स्वतःच दृश्य प्रकाश शोषून भुकटीला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे दृश्य प्रकाशात भुकटी जागी झाली की रंगच जागा झाला, हे कळायला मार्ग राहत नाही. रंग गेला म्हणजे रेणू गेला असं नव्हे. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला ते मोजल्याशिवाय दाद देऊ नये.

टॉवेलच्या सुताला लागणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग तर आणखी वेगळे. ते पक्के बसावेत म्हणून पाण्यात भरपूर मीठ आणि सोडा घालावा लागतो. म्हणजे उरलेलं पाणी खारट आणि अल्कधर्मी. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग साधारण ६ ते ६.५ सामूच्या वर ऋणभारित होतो आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचे रेणूही ऋणभारित असतात. दोघं एकमेकांना दूर लोटतात. जन्मतःच क्षणभर जगणारा हायड्रॉक्सिल मूलक कणाच्या आसपासच काम करू शकतो, रंग जवळ आलाच नाही तर तो वाया जातो. त्यातून सोड्याचा कार्बोनेट आणि मिठाचा क्लोराइड याच मूलकांना गिळत राहतात. पाणी गडद असेल तर प्रकाश वरच्या बोटभर थरातच अडतो. शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या मिथिलीन ब्ल्यूवर पहिली आलेली भुकटी इथे मागे पडू शकते, आणि सामू उतरवून घेतला तर पुन्हा पुढे येऊ शकते. मिश्र प्रावस्थेचं गुणगान करताना तिच्याभोवतीचं पाणी विसरलं की वाचन फसतं.

आणखी एक अडचण पी २५ च्या सौंदर्यातूनच निघते. इतके बारीक कण पाण्यात मिसळले की दुधासारखे तरंगत राहतात, ते गाळून परत मिळवणं महाग पडतं. म्हणून काचेवर किंवा धातूवर थर चढवण्याचा मार्ग. आपल्याकडे या मार्गावर चांगलं काम झालं आहे. २००४ साली सोलापूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथली महाविद्यालयं ज्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्याच्या कोल्हापूरच्या पदार्थविज्ञान विभागात सी. एच. भोसले आणि के. वाय. राजपुरे यांच्या गटाने स्प्रे पायरोलिसिसने ऑक्साइडचे पातळ थर तयार केले आणि त्यांना विजेची जोड देऊन पाण्यातले सेंद्रिय रेणू मोडण्याचे प्रयोग केले. बाहेरून दिलेला विद्युतदाब इलेक्ट्रॉनला ओढून नेतो. म्हणजे पी २५ मध्ये जे काम सांध्याकडून अपेक्षित आहे, ते इथे तारेकडून करून घेतलं जातं. मुंबईत पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ साली सांडपाण्यासाठीच्या ऑक्सिडीकरण-तंत्रांचा जो आढावा लिहिला, त्यात ध्वनितरंग आणि प्रकाश-उत्प्रेरण एकत्र वापरण्याचा विचार नीट मांडलेला आहे. मिश्र प्रावस्थेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने हे दोन्ही प्रवाह आधी वाचावेत.

पी २५ बद्दल माझा निर्णय असा : ती अजूनही अव्वल कृती आहे, पण तिच्या कीर्तीला कारण म्हणून जे वाक्य सांगितलं जातं ते तिच्यापेक्षा दुबळं आहे. तिची नक्कल करायची तर प्रमाणाची करू नये, जन्माची करावी. कमी काळ, मोठी उष्णता, बारीक कण, आणि दोन प्रावस्था घडतानाच एकमेकींना भिडलेल्या.

सोलापुरात, कोल्हापुरात, कुठेही या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. ‘मिश्र प्रावस्थेमुळे कामगिरी वाढली’ असं लिहिण्याआधी त्याच प्रमाणात अ‍ॅनाटेज आणि रुटाइल खलात नुसते मिसळून तीच चाचणी एकदा करा आणि आकडा शेजारी छापा. ३०.८ अंशांची जागा आलेखात कापू नका. अस्फटिक भाग आणि पृष्ठभाग मोजा. आणि एक तरी चाचणी मिथिलीन ब्ल्यू बाजूला ठेवून अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या डाइंगमधून आणलेल्या पाण्यावर, दुपारच्या उन्हात करा.